हंसाबेनचे नाव घेण्याआधी : उमेदवारी वाटणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सर्व राजकीय पक्षांचे अध्यक्ष, संसदीय मंडळांचे सदस्य आणि उमेदवारांच्या यादीवर शेवटचा हात फिरवणारे नेते,

स. न. वि. वि.

हे पत्र सगळ्याच पक्षांना आहे. बाकी बाबतींत तुमचे एकमेकांशी काय वैर असेल ते असो, या एका बाबतीत तुमच्यात डावेउजवे करावे असे मला फारसे सापडत नाही. महिलांना उमेदवारी किती, हा प्रश्न अडचणीचा होऊ लागला की तुमच्यातला एखादा वाचन असलेला नेता संविधान सभेतला एक दाखला काढतो. तारीख १९ डिसेंबर १९४६. बोलणाऱ्या हंसा मेहता. मी ज्या महिला संघटनेची आहे तिने राखीव जागा, कोटा किंवा स्वतंत्र मतदारसंघ कधीही मागितलेले नाहीत, असे त्या म्हणाल्या होत्या. दाखला खोटा नाही. मग तो नेता विचारतो, त्या काळच्या बायका एवढ्या स्वाभिमानी होत्या, आजच्यांना कुबड्या कशाला हव्यात?

राजकीय बातमीदारीत माझे आयुष्य गेले, त्यामुळे हा प्रश्न मी बऱ्याच तोंडांतून ऐकला आहे. विचारणाऱ्याला उत्तर नको असते, विषय गुंडाळायचा असतो. म्हणून म्हटले, लेखीच द्यावे. थोडे लांबेल. ते वाक्य बोलणाऱ्या बाई कोण होत्या आणि कोणत्या दिवसांत ते बोलल्या, हे ठाऊक नसेल तर त्या वाक्याचा नुसता भाला होतो. तसा तो तुम्ही केलाच आहे.

हंसाबेन मूळच्या सुरतेच्या, जन्म ३ जुलै १८९७. गुजराती कादंबरीचा पाया घालणारे नंदशंकर मेहता हे त्यांचे आजोबा. वडील मनुभाई बडोद्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत, पुढे ते सयाजीराव महाराजांचे दिवाण झाले. मुलींनी शिकावे याचे ज्या संस्थानात कौतुक होते, तिथे ही मुलगी तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाली आणि १९१९ मध्ये इंग्लंडला गेली, ती पत्रकारिता आणि समाजशास्त्र शिकायला. हा तपशील मला फार लाडका आहे. शिकलेल्या बाईने शाळेत शिकवावे, फार तर डॉक्टरीण व्हावे, एवढीच ज्या काळाची कल्पना होती, त्या काळात ही बातमी आणि अग्रलेखाचे शास्त्र शिकायला बोटीवर चढली.

तिथे त्यांना सरोजिनी नायडू भेटल्या. भारतीय स्त्रियांना मताचा अधिकार द्या, असे भारताचा कारभार पाहणारे ब्रिटिश मंत्री मॉन्टेग्यू साहेब यांच्यापुढे जाऊन १९१७ मध्येच सांगून आलेल्या या बाई. त्यांनी १९२० मध्ये हंसाबेनला जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय स्त्री-मताधिकार परिषदेला सोबत नेले. इंग्लंडातल्या बायकांना मत मिळून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती, आणि तेही वयाची तिशी ओलांडलेल्या, मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या बायकांना. म्हणजे आपल्याकडच्या बायका कुणाच्या मागोमाग फरफटत चालल्या होत्या असे नाही. जगातल्या इतर बायकांसोबत, त्याच वर्षांत, त्या तेच मागत होत्या.

परत आल्यावर १९२४ मध्ये त्यांनी डॉ. जीवराज मेहता यांच्याशी लग्न केले. आडनाव एकच असले तरी जात वेगळी. नागर ब्राह्मण मुलीने वैश्य मुलाशी लग्न करायचे म्हणजे उलट्या दिशेचे लग्न, आणि त्यावर जातीत व्हायचा तो गहजब झाला. या जोडप्याचे पुढचे आयुष्य मुंबईतले. जीवराजभाई केईएमचे डीन, गांधीजींचे डॉक्टर, आणि १९६० मध्ये मुंबई राज्याची दोन राज्ये झाली तेव्हा गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. आपल्याकडे जिथे तिथे हंसाबेनची ओळख ‘मुख्यमंत्र्यांच्या पत्नी’ अशी करून दिलेली दिसते. ज्या वेळी जीवराजभाई मुख्यमंत्री झाले, त्या वेळी यांचे सार्वजनिक काम चौतीस वर्षांचे झाले होते.

चौतीस कशी, तर मुंबई महापालिकेच्या शाळा समितीवर त्या १९२६ मध्ये निवडून गेल्या. १९३० च्या सत्याग्रहात देशसेविका संघाच्या बायकांना घेऊन विदेशी कापडाच्या आणि दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग केले आणि तुरुंगात गेल्या. १९३२ मध्ये पुन्हा गेल्या. तुमच्या आजच्या भाषेत सांगायचे तर त्या केडरमधून वर आल्या होत्या.

आता मुख्य गोष्ट. १९३५ च्या कायद्याने प्रांतांच्या विधिमंडळांत स्त्रियांसाठी काही जागा राखून ठेवल्या. महिला संघटनांनी ते मागितलेच नव्हते. त्यांची मागणी होती सरसकट प्रौढ मताधिकाराची, आणि सरकारने दिले काय, तर मालमत्तेच्या, शिक्षणाच्या, शिवाय अमक्याची बायको असण्याच्या निकषावर मत. वर राखीव जागा, आणि त्या जागाही धर्मवार वाटलेल्या. हिंदू बाई वेगळी, मुसलमान बाई वेगळी, ख्रिस्ती बाई वेगळी. ज्या संघटनेत या सगळ्या एका सतरंजीवर बसत होत्या, तिच्या मधोमध सरकारने खडूच्या रेघा मारल्या. राखीव जागांना असलेल्या विरोधात या रेघांचा राग किती मोठा होता, हे तुमच्या दाखल्यातून नेमके गळते.

१९३७ च्या निवडणुकीत हंसाबेननी राखीव जागेवरून उभे राहायला नकार दिला. सर्वसाधारण जागेवरून लढल्या आणि मुंबई विधान परिषदेत निवडून आल्या. काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा त्या पार्लमेंटरी सेक्रेटरी झाल्या. हा त्यांचा स्वाभिमान, आणि त्याला मी सलामच करते. पण त्या जिंकल्या याला दोन बाजू होत्या. त्यांनी राखीव जागा नाकारली, आणि त्यांच्या पक्षाने त्यांना सर्वसाधारण जागा दिली. तुम्ही पहिली बाजू भाषणात सांगता. दुसरी कधी सांगत नाही, कारण ती तुमच्या अंगाशी येते.

आता त्या १९ डिसेंबरकडे येते. १९४६ च्या त्या हिवाळ्यात मुस्लिम लीगने संविधान सभेवर बहिष्कार टाकलेला होता. कलकत्ता, नोआखाली, बिहार, इथल्या दंगलींचे रक्त वाळलेले नव्हते. स्वतंत्र मतदारसंघ हा शब्द त्या दिवसांत सभागृहात उच्चारणे म्हणजे फाळणीचे नाव घेण्यासारखे होते. अशा वेळी एक बाई उभी राहून सांगते की आम्ही देशाचा आणखी एक तुकडा मागायला आलेल्या नाही. तो त्या सभेला दिलेला दिलासा होता. आणि तिथे त्या थांबल्या नाहीत. पुढच्याच वाक्यात त्यांनी सांगितले की आम्ही मागितला आहे तो सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय. आम्ही मागितली आहे ती समानता. परस्परांविषयीचा आदर तिच्यावरच उभा राहू शकतो, तिच्याशिवाय स्त्री-पुरुषांत खरे सहकार्य शक्य नाही.

हे पुढचे वाक्य मी आजवर एकाही नेत्याच्या तोंडून ऐकलेले नाही. पहिल्या वाक्यात एक वचन होते, दुसऱ्यात त्याची किंमत सांगितली होती. त्यांनी कोटा सोडला तो समानता मिळणार या भरवशावर. भरवसा ठेवला तुमच्यावर, म्हणजे त्या काळच्या पक्षनेत्यांवर, पण वारसा सांगताना तुम्ही वारस असता, तर देणेही तुमच्याच डोक्यावर आहे.

समानता म्हणजे नेमके काय, हेही त्यांनी हवेत सोडलेले नव्हते. १९४५ च्या अखेरीस हैदराबादला अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन झाले, त्याच्या त्या अध्यक्ष. तिथून पुढे जी स्त्रीहक्कांची सनद तयार झाली, तीत समान कामाला समान वेतन होते, मालमत्तेत हिस्सा होता, लग्न आणि घटस्फोटाच्या कायद्यात बरोबरी होती. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क देशभर मिळायला २००५ उजाडले. सनदेपासून मोजा. एवढी वाट पाहणाऱ्या बायकांना तुम्ही उतावळ्या म्हणता.

मूलभूत हक्कांच्या उपसमितीत दोन स्त्रिया होत्या, हंसाबेन आणि राजकुमारी अमृत कौर. तिथे धर्म ‘आचरण्याच्या’ स्वातंत्र्याचे कलम आले तेव्हा या दोघींनी हरकत घेतली. आचरणाच्या नावाखाली बालविवाह, देवदासी, पडदा, सगळेच संविधानाच्या पदराआड जाऊन बसेल, आणि सुधारणेचे आजवरचे कायदेही धोक्यात येतील, अशी त्यांची भीती होती. शेवटी कलम राहिले, पण सामाजिक सुधारणेसाठी कायदा करायला आडकाठी येणार नाही अशी तरतूद त्याला जोडली गेली. आज एखाद्या देवळात बायकांना प्रवेशावरून वाद होतो आणि वकील २५ व्या कलमातला तो तुकडा वाचून दाखवतात, तेव्हा या दोन बायकांची आठवण कुणाला होत असेल असे वाटत नाही.

याच समितीत समान नागरी कायदा न्यायालयात दाद मागता न येणाऱ्या तत्त्वांच्या यादीत ढकलला गेला. त्यावर भिन्नमताची टिपणी लिहिणाऱ्यांत मिनू मसानी आणि अमृत कौर यांच्यासोबत हंसाबेन होत्या. इथे तुमच्यातल्या एका बाजूचे डोळे चमकले असतील. ही टिपणी बरोबर सापडते त्यांना. दुसऱ्या बाजूला ती अडचणीची वाटते, म्हणून ती बाजू हंसाबेनच्या आंतरराष्ट्रीय कामावर बोलते. प्रत्येकाने आपापला तुकडा कापून घेतला आहे. मी त्यांच्या प्रत्येक मताशी सहमत आहे असेही नाही. पण माणूस घ्यायचा तर अख्खा घ्यावा.

बाकीचे थोडक्यात. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतातल्या स्त्रियांच्या वतीने संविधान सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला तो यांनी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल अशी रचना होती, ती बदलून ‘सर्व मानव’ करायला लावले तेही यांनीच. आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांना आधी त्यात काही वावगे वाटले नव्हते. १० डिसेंबर १९४८ ला जाहीरनामा मंजूर झाला तो बदललेल्या रूपात. मुंबईत एसएनडीटी या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू, मग १९४९ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या. स्त्री-पुरुष दोघेही शिकतात अशा विद्यापीठाच्या प्रमुखपदी बाई, हे तेव्हा देशाला नवीन होते. १९५९ मध्ये पद्मभूषण. १९९५ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्या गेल्या.

आता त्यांच्या त्या वाक्याबद्दल माझे स्वतःचे मत सांगते, म्हणजे मी नुसती आरती ओवाळते आहे असे वाटायला नको. ‘आम्ही’ म्हणताना हंसाबेनच्या डोळ्यांपुढे ज्या बायका होत्या त्या शिकलेल्या, घरात पुस्तके असलेल्या, वडील दिवाण किंवा नवरा बॅरिस्टर असलेल्या होत्या. अशा बाईला सर्वसाधारण जागा मिळू शकत होती. शेतमजूर बाईला, गिरणीतल्या बाईला, दलित बाईला ती मिळेल याची तजवीज त्या ‘आम्ही’त नव्हती. दिवाणाच्या मुलीला दार उघडे दिसले म्हणून ते सगळ्यांनाच उघडे आहे असे तिने धरले. त्या एकट्याच नव्हत्या. रेणुका रे यांनीही जुलै १९४७ मध्ये सभेत जवळपास हेच सांगितले. चळवळीतल्या बहुतेकींना तसेच वाटत होते.

मग काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. संविधान सभेत १५ स्त्रिया होत्या, मसुदा समितीत सातपैकी एकही नाही. पहिल्या लोकसभेत स्त्रियांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला केंद्राने नेमलेल्या समितीने १९७४ मध्ये अहवाल दिला. त्या समितीतही बहुमत विधिमंडळांतल्या आरक्षणाच्या विरुद्धच पडले. पण लतिका सरकार आणि वीणा मजुमदार या दोघींनी वेगळे मत नोंदवले. या दोघी हंसाबेनच्याच पठडीतल्या, समानतेच्या वचनावर वाढलेल्या. पंचवीस वर्षांचे आकडे पुढे ठेवल्यावर त्यांना म्हणावे लागले की वचन पाळले गेलेले नाही, आता जागा राखूनच ठेवाव्या लागतील.

म्हणजे १९४६ ची चळवळ आणि नंतरची चळवळ यांच्यात स्वाभिमान कमी झाला, असे जे तुम्ही सुचवता ते साफ चूक आहे. बायकांचा स्वाभिमान आहे तिथेच आहे. तुमच्यावरचा विश्वास उडाला. तो का उडाला, याचा हिशेब तुमच्या कार्यालयांतल्या जुन्या उमेदवार याद्यांत पडलेला आहे.

पुढचा प्रवास तुमच्या डोळ्यांदेखतचा. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती, पंचायतीत आणि पालिकेत एक तृतीयांश जागा, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. संसदेसाठीचे विधेयक १९९६ मध्ये पहिल्यांदा आले, आणि मग दर काही वर्षांनी ते आणायचे, फाडायचे, बाजूला ठेवायचे हा खेळ झाला. आपल्या प्रमिलाताई दंडवते या मागणीसाठी शेवटपर्यंत लढल्या आणि ते न पाहताच गेल्या. २०१० मध्ये राज्यसभेने मंजूर केलेले विधेयक लोकसभेत पोहोचून तसेच विरले. सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी १०६ वी घटनादुरुस्ती मंजूर झाली. राज्यसभेत तर विरोधात एकही मत नव्हते. टाळ्या काय, फेटे काय! आणि कायद्यातच अट अशी की आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण.

इथे मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. ज्यांना ४५४ मतांएवढी खात्री आहे, त्यांना २०२४ च्या लोकसभेला एक तृतीयांश महिला उमेदवार द्यायला कोणत्या जनगणनेने अडवले होते? ती लोकसभा ५४३ जणांची, तीत स्त्रिया निवडून आल्या ७४. आधीच्या लोकसभेत ७८ होत्या. म्हणजे कायदा झाल्यावर आकडा खाली आला. आपल्या विधानसभेच्या २८८ जागांवर २०२४ मध्ये पंचवीससुद्धा बायका निवडून आल्या नाहीत. त्या निवडणुकीत एकीकडे महिन्याला १५०० रुपये चालू होते, दुसरीकडे ३००० चे आश्वासन होते. बहिणीला ओवाळणी घसघशीत, सातबारावर मात्र नाव नको, असा हा कारभार.

‘निवडून येणाऱ्या बायका मिळत नाहीत हो,’ हे तुमचे ठरलेले वाक्य. इलेक्टिव्ह मेरिट. चला, त्यावर बोलू. २०१९ मध्ये ओडिशात बिजू जनता दलाने लोकसभेच्या २१ पैकी ७ जागांवर महिला दिल्या, पाच निवडून आल्या. त्याच वर्षी बंगालमध्ये तृणमूलने ४२ पैकी १७ दिल्या, नऊ आल्या. कायदा नव्हता, कुणी सक्ती केली नव्हती. दोन नेत्यांनी ठरवले आणि यादी तशी लिहिली. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर उलटे उदाहरणही आहे. उत्तर प्रदेशात २०२२ मध्ये काँग्रेसने ४० टक्के तिकिटे बायकांना दिली आणि त्यांतली एकच आमदार झाली. पण त्या राज्यात तो पक्ष एकूण दोनच जागा जिंकला. बुडत्या गलबतात बायकांना पुढे बसवून ‘बघा, बायकांमुळे बुडाले’ म्हणायचे असेल तर बोलणेच खुंटले.

आता मी जे जवळून पाहिले त्याविषयी. प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघते त्या दिवसाचे चेहरे मला पाठ आहेत. वर्षभर ‘भावी नगरसेवक’ म्हणून फ्लेक्स लावणाऱ्याचा प्रभाग महिला राखीव निघतो. संध्याकाळपर्यंत फ्लेक्सवर सौ. वहिनींचा फोटो येतो, त्याच्या मागे, थोडा मोठा, भाऊंचा. याची टिंगल करणे सोपे आहे आणि आम्ही पत्रकारांनी ती भरपूर केली. पण त्याच वहिनींपैकी किती जणींनी दोन वर्षांत पाण्याच्या टाकीचा प्रस्ताव स्वतः वाचायला घेतला, अधिकाऱ्याला फाइल परत आणायला लावली, हेही मी पाहिले आहे. स्थायी समितीत आकड्यांवर बोट ठेवणारी बाई तयार व्हायला एक मुदत लागते. ती तयार होते, आणि तेव्हाच आरक्षण फिरते. पुढच्या सोडतीत तो प्रभाग खुला होतो.

आणि खुला म्हणजे काय? कायद्यात खुला म्हणजे कुणालाही. तुमच्या कार्यालयात खुला म्हणजे पुरुषांचा. पाच वर्षे काम केलेली बाई तिकीट मागायला येते तेव्हा तिला सांगितले जाते, ‘ताई, आता पुरुषांची पाळी आहे, तुम्ही महिला आघाडीचे बघा.’ एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, शेवटच्या दुपारी भाऊंच्या हातात जातो. इतक्या वर्षांत जेवढ्या बायका राखीव जागांवरून शिकून तयार झाल्या, त्यांतल्या बहुतेकींना तुम्ही एका मुदतीनंतर घरी पाठवले. आणि मग आमदारकीच्या वेळी विचारता, अनुभवी बायका आहेत कुठे.

महिला आघाडी हा तर तुमचा सर्वांत हुशार शोध. हंसाबेन ज्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध बोलल्या, ते इंग्रजांच्या राज्यासोबत गेले असे आपण समजतो. प्रत्येक पक्षाने ते आपल्या कार्यालयाच्या मागच्या खोलीत जपून ठेवले आहेत. मोर्चाला बायका लागल्या की ही खोली उघडते. हळदीकुंकू, रक्षाबंधन, नेत्याच्या औक्षणाला रांग, सगळे इथून पुरवले जाते. आघाडीची अध्यक्ष पत्रकार परिषदेत बसते ती बाजूच्या खुर्चीवर. उमेदवारी ठरवणाऱ्या समितीत किती वेळा बसते, हे तुम्हीच सांगा.

तेव्हा मागणे एवढेच आहे. महिला आरक्षणाविरुद्ध बोलायचे असेल तर खुशाल बोला, लोकशाहीत तो तुमचा अधिकार आहे, आणि विरोधाची काही गंभीर कारणेही आहेत. इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम बायकांच्या जागांचे काय, हा प्रश्न मलाही पडतो. पण बोलताना स्वतःच्या नावावर बोला. १९४६ च्या वाक्याआड उभे राहू नका. ते वाक्य वापरण्याचा हक्क त्या पक्षाला आहे ज्याने सर्वसाधारण जागांवरून निम्म्या बायका उभ्या केल्या. तो पक्ष अजून मला भेटायचा आहे.

आणि पुढच्या निवडणुकीत, मग ती ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, उमेदवारांची यादी जाहीर करताना तिच्यासोबत आणखी एक कागद द्या. त्यावर चार गोष्टी लिहा. उमेदवारी मागायला किती बायका आल्या. किती जणींना दिली. त्यांतल्या किती राखीव नसलेल्या जागांवर आहेत. आणि त्या जागा मागच्या वेळी पक्षाने जिंकल्या होत्या की डिपॉझिट गमावलेल्या. मागच्या मुदतीत राखीव जागेवर निवडून आलेल्या, काम केलेल्या आणि आता प्रभाग खुला झाल्यावर तिकीट नाकारलेल्या बाईच्या नावापुढे कारणही लिहावे. एक ओळ पुरे. ‘इलेक्टिव्ह मेरिट’ एवढेच लिहिणार असाल तर तिची आणि ज्याला तिकीट दिले त्याची मागच्या निवडणुकीतली मते शेजारी शेजारी लिहावीत.

हा कागद द्यायला घटनादुरुस्ती लागत नाही, जनगणना लागत नाही. वर्तमानपत्रांत तो छापून आणायची जबाबदारी आम्हा जुन्या-नव्या बातमीदार बायकांची. कागद साधा चालेल, लेटरहेड नसले तरी हरकत नाही, सही मात्र पक्षाच्या अध्यक्षांची हवी. महिला आघाडीच्या अध्यक्षांची चालणार नाही.

कळावे,
राजकीय बातमीदारीतून निवृत्त झालेली एक मतदार